पंधरा ते पन्नासमधली गाडी

जुन्या गाड्यांचा वाद भारतात पेटला की दोन्ही बाजू अमेरिकेला साक्षीला बोलावतात. ‘पंधरा वर्षं झाली, काढा भंगारात’ म्हणणारे सांगतात, तिकडे लोक कपडे बदलावेत तशा गाड्या बदलतात. ‘जुनं ते सोनं’वाले सांगतात, तिकडे साठ वर्षांच्या गाड्या झोकात फिरतात. साक्षीदाराला मात्र कुणी काही विचारत नाही. मी न्यू जर्सीत बसून हे वाचतो आणि चरफडतो. इथे जुनी गाडी टिकते ती कुणाच्या प्रेमामुळे नव्हे, ती नीट विकता येते म्हणून टिकते. आणि ती नीट विकणं हे किचकट, हात काळे करणारं काम आहे.

आधी घरच्या वादातली एक चूक. दिल्लीचा नियम आणि आपला नियम लोक सर्रास एकत्र कालवतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत. महाराष्ट्रात खाजगी गाडी पंधराव्या वर्षी मरत नाही. पासिंग करा, पर्यावरण कर भरा, पाच वर्षं पुढे चला. फक्त नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० झाली. म्हणजे बंदी नाही, पण मालकाने कंटाळून सोडून द्यावं अशी व्यवस्था आहे.

आता इथली एक गाडी घेऊ. १९६६ ची फोर्ड कंट्री स्क्वायर, स्टेशन वॅगन, म्हणजे छत शेवटपर्यंत नेऊन मागे दार दिलेली लांब गाडी. सव्वापाच मीटरहून लांब, ३९० घनइंचांचं व्ही-एट इंजिन, मागे समोरासमोर दुमडणारी दोन बाकं, दहा माणसांची सोय. अंगावर लाकूड. म्हणजे लाकडाचं चित्र. १९५१ पर्यंतच्या कंट्री स्क्वायरवर खरं लाकूड होतं, त्यानंतर डाय-नॉक नावाची छापील फिल्म आली. अशी गाडी तुम्ही उघडून, रंगवून, जोडून पूर्ण केलीत आणि आता विकायची आहे.

सुरुवात साबणपाण्याने नाही, कागदाने करायची. टायटलवरचं, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदावरचं, नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच हवं. टायटलवरचा गाडीचा कारखान्याचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीशी अक्षरन् अक्षर जुळवायचा, कारण कुठल्या तरी कारकुनाने पन्नास वर्षांपूर्वी ‘६’ ऐवजी ‘८’ टाइप केलेला असतो आणि तो नेमका गिऱ्हाइकाच्या डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, सापडतो. जुन्या कर्जाचा बोजा राहिला असेल तर बँकेचं सुटकेचं पत्र आधीच काढून ठेवायचं. १९७२ किंवा त्याआधीच्या गाडीला न्यूयॉर्क टायटल देतच नाही, तिथे नोंदणीचा कागदच मालकीचा पुरावा. गाडी न्यूयॉर्कची असेल तर टेक्सासच्या गिऱ्हाइकाला हे सौदा व्हायच्या आधी सांगावं, नंतर नव्हे. मीटरचं किलोमीटर, म्हणजे मैल, लेखी जाहीर करण्यातून इतकी जुनी गाडी सुटते. पण पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा ‘फक्त ४१ हजार’ असं छातीठोक लिहू नका.

ड्रायव्हरच्या दारावरची पट्टी नीट वाचा. अकरा खुणांचा क्रमांक असतो. पहिला आकडा वर्षाचा, दुसरं अक्षर कारखान्याचं, मग दोन आकडे बॉडीचे, पाचवं अक्षर इंजिनाचं. तिथे ‘झेड’ असेल तर चार बॅरल कार्ब्युरेटरचं ३९०. त्याच पट्टीवर रंग, आतलं कापड, गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलचे संकेतही असतात. गाडी मूळ निळी होती आणि तुम्ही ती लाल केलीत, हे गिऱ्हाईक दोन मिनिटांत ओळखेल, तेव्हा तुम्हीच आधी लिहा. आणि ‘मूळ क्रमांकाचं इंजिन’ हा दावा इथे करूच नका. त्या वर्षीच्या साध्या फोर्ड इंजिनावर गाडीचा क्रमांक ठोकलेला नसायचा. इंजिनावरच्या ओतकामाच्या तारखा गाडीच्या तारखेशी जुळतात एवढंच म्हणता येतं.

किंमत पाडतात त्या दोन गोष्टी, गंज आणि मागचं दार. १९६५ पासूनच्या मोठ्या फोर्डची चॅसिस मागच्या चाकांच्या पुढे, जिथे ती वर वळते, तिथे आतून सडते. रस्त्यावरचं मीठ पोकळीत जाऊन बसतं. वरून काळा रंग मारलेला असतो आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचला की तो आत जातो. विकणाऱ्याने हे स्वतः टोचून, फोटो काढून दाखवावं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र प्रत्येक पत्र्यावर लावावं. कारखान्याचा रंग चार-सहा मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) भरतो, पुन्हा रंगवलेला त्याच्या दुप्पट, आणि वीसच्या पुढे गेला की खाली पुट्टी आहे असं समजा. पुट्टी असणं गुन्हा नाही, लपवणं आहे.

मागचं दार १९६६ ला नवीन आलं. खाली पाडताही येतं, बाजूला दारासारखं उघडताही येतं, पण आधी काच खाली गेली पाहिजे. म्हणजे काचेची मोटर मेली की अख्खं दार मेलं. बहुतेक वेळा मोटर धड असते. बिजागरीजवळून जाणारी वायर हजारदा वाकून आतल्या आत तुटलेली असते. मोटरला आधी बारा व्होल्ट थेट देऊन बघावं, मग तिला शिव्या द्याव्यात. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतं, खालची भोकं पानांनी बुजतात आणि दाराची खालची कड सडते. कूपेचे, म्हणजे दोन दारांच्या बसक्या गाडीचे, पत्रे नवे मिळतात, वॅगनचं दार नाही. म्हणून चांगलं दार असलेली सामान्य गाडी ही खराब दार असलेल्या चकचकीत गाडीपेक्षा बरी. चालवून दाखवताना मागची काच बंद ठेवा. उघडी ठेवली तर एक्झॉस्टचा धूर आत ओढला जातो आणि गिऱ्हाइकाला इंजिनच खराब वाटतं.

लाकडाच्या चित्राबद्दल एकच सांगतो. ताज्या रंगावर फिल्म चिकटवू नका. रंगातले वायू महिनाभर बाहेर पडत राहतात आणि मग फिल्मखाली फोड येतात. साबणपाणी मारून, मधून कडेकडे रबरी पट्टीने ओढत, वळणावर हीट गनची ऊब देत बसवायची. दोन पत्र्यांवरच्या लाकडाच्या रेषा एका ओळीत आल्या नाहीत तर लांबूनही डोळ्याला खुपतं.

ब्रेकचं कबूल करून टाका. १९६६ च्या गाडीला मास्टर सिलिंडरचा, म्हणजे ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या भागाचा, एकच कप्पा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ पासून दुहेरी कप्पा आला, १९६८ पासून तो सक्तीचा झाला. शहाणा माणूस तो बसवतो आणि जुना भाग डब्यात घालून गाडीसोबत देतो. शिवाय इंजिनाच्या आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून कागदावर लिहावं. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या पाऊणपटीखाली नसावा. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. टायरची नक्षी नवी दिसली तरी दहा वर्षांचं रबर बदलूनच विकावं. थंड इंजिन चालू करतानाचा न तोडलेला व्हिडिओ द्यावा आणि सुरुवातीला एक्झॉस्टच्या लोखंडावर हात ठेवून दाखवावा, म्हणजे आधी गरम करून घेतलेलं नाही हे कळतं.

पैसे घेताना गिऱ्हाइकाच्या बँकेत त्याच्यासोबत जा आणि चेक डोळ्यांसमोर बनवून घ्या. घरी आणलेला बँकेचा चेक खोटा निघू शकतो आणि ते आठवड्याने कळतं. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘उरलेले वाहतूकदाराला द्या’ म्हणणारा हमखास भामटा. मग टायटल सही करून द्यायचं, न्यू जर्सीत नंबर प्लेट काढून घ्यायच्या, कॅलिफोर्नियात गाडीवरच ठेवायच्या.

एवढं सगळं करूनही घातलेला खर्च निघत नाही. कूपेला मिळतो तो भाव वॅगनला क्वचितच. तरीही ती विकली जाते, कारण घेणाऱ्याला काय घेतोय ते ठाऊक असतं. आपल्याकडे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, आरसी बुक मात्र महिनोन् महिने जुन्याच नावावर, आणि अपघात झाला तर जबाबदार तोच नोंदीतला मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच म्हटलं आहे. भंगारवाल्याला गाडी देणं सोपं वाटतं यात नवल काय?

इथेही सगळं आलबेल नाही, हे मी सहसा सांगत नाही. न्यू जर्सीची हिस्टॉरिक प्लेट लावली की गाडी प्रदर्शनापुरती. पलीकडे पेनसिल्व्हेनियात अँटिक प्लेटवर एरवी आठवड्यातून एकच दिवस फिरवायची. पण दोन्हीकडे पंचवीस वर्षं झाली की दार उघडतं. आपल्या २०२१ च्या नियमात व्हिंटेज व्हायला पन्नास वर्षं लागतात, नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’, आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. पंधराव्या वर्षी फी वाढायला लागते, पन्नासाव्या वर्षी सन्मान. मधली पस्तीस वर्षं गाडीने कुठे काढायची? मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात गेली, तेव्हा हळहळले सगळे.

आणि खरं सांगायचं तर फोर्डच्या त्या बाकांवर बसून कुणी समुद्राला गेलं असेल, तो मी नव्हे. दुसऱ्याचं बालपण मी पट्टी वाचून ओळखतो, त्याचं खोटं लाकूड रेषेत बसवतो आणि त्याच्या भल्यासाठी घरच्यांशी भांडतो. माझ्या पिढीची स्टेशन वॅगन पिंपरीच्या टेल्कोची, १९९२ ला आलेली टाटा इस्टेट. पन्नाशी गाठायला तिला २०४२ उजाडेल. तोवर कुणाच्या शेडमध्ये एखादी उभी असेल, तर दारांच्या खालच्या कडेची भोकं आधी तारेने मोकळी करा. जूनच्या आत.