शीतयुद्धाच्या गेममध्ये ९पी१४८ यायलाच हवे, पण त्याच्या मर्यादांसकट

शीतयुद्धाच्या काळातल्या रणगाड्यांवर बेतलेल्या ऑनलाइन गेममध्ये सोव्हिएत बाजूला ९पी१४८ हे वाहन असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बीआरडीएम-२ या चारचाकी टेहळणी गाडीवरचा १४.५ मिमी मशिनगनचा बुरूज काढून छपरावर कोंकुर्स या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांच्या पाच नळ्यांचा लाँचर बसवला, की हे वाहन तयार होते. १९७० च्या दशकात ते सोव्हिएत सैन्यात आले, तिथून अनेक देशांत गेले, आणि भारतीय लष्करानेही ते वापरले. कोंकुर्स क्षेपणास्त्र तर भारत डायनॅमिक्स या सरकारी कंपनीने परवान्यावर आपल्या देशातच बनवले आहे. तरीही गेमच्या पुढच्या अपडेटची चर्चा निघाली, की लोक आणखी एक जाड चिलखताचा रणगाडाच मागतात, याचे मला वाईट वाटते.

रणगाड्याने रणगाड्याशी समोरासमोर भिडणे ही चिलखती युद्धाची केवळ एक बाजू आहे. दुसरी बाजू अशी, की साधारण सात टनांची, अवघ्या १४ मिमी चिलखताची एक गाडी रस्त्यावरून ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास वेगाने योग्य जागी पोहोचते, वाटेत नदी आली तर मागच्या जलझोताच्या बळावर पोहून पार करते, खंदक आला तर पोटाखालची चार छोटी चाके खाली सोडून तो ओलांडते, आणि मग चार किलोमीटरवरच्या रणगाड्याला धोका निर्माण करते. या गाडीत बसलेल्या खेळाडूला नेम धरण्याआधी जागा निवडावी लागते आणि जागा निवडण्याआधी नकाशा वाचावा लागतो. हे कौशल्य आजच्या बहुतेक गेममध्ये फार थोड्या वाहनांना लागते.

आता प्रत्यक्ष एक मारा कसा होतो ते पाहा. कोंकुर्सचा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर आहे, म्हणजे पूर्ण ४००० मीटरचा पल्ला गाठायला त्याला जवळजवळ २० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा रणगाडा दीडशे मीटरहून जास्त अंतर कापतो, आणि एवढे अंतर एखाद्या घराच्या किंवा टेकाडाच्या आड जायला पुरेसे असते. या २० सेकंदांत गनरने पेरिस्कोपमधली नेमाची खूण लक्ष्यावर धरून ठेवायची असते. क्षेपणास्त्राच्या शेपटीकडचा प्रकाश टिपून ते नेमरेषेपासून किती ढळले हे यंत्रणा मोजते आणि मागे उलगडत जाणाऱ्या बारीक तारेतून त्याला दुरुस्ती कळवते. गनरची नजर हटली की मारा वाया गेला, आणि पहिले क्षेपणास्त्र हवेत असताना दुसरे सोडता येत नाही. ही वाट पाहण्याची घालमेल तोफेच्या गोळ्यात नसते, आणि मला नेमकी तीच गेममध्ये हवी आहे.

म्हणूनच डेव्हलपरांनी या वाहनाला सवलती देऊ नयेत. धावत्या गाडीतून मारा करता येऊ नये. तार झाडांत अडकून तुटली तर क्षेपणास्त्र भरकटावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, क्षेपणास्त्र हवेत असताना दृश्य पेरिस्कोपमधूनच दिसावे. गाडीच्या मागे वर तरंगणारा कॅमेरा चालू ठेवला, तर खेळाडू टेकडीआड पूर्ण लपून पलीकडचे सगळे पाहू शकतो, आणि मग या वाहनावर होणारी टीका रास्त ठरते. खऱ्या गाडीत लाँचर आणि पेरिस्कोप तरी उघड्यावर आणावेच लागतात. धड मात्र टेकडीमागे राहते, आणि एवढा फायदा तिला मिळालाच पाहिजे, कारण तिच्याकडे बचावाला दुसरे काहीच नाही. नळ्या रिकाम्या झाल्यावर लाँचर खाली घेऊन नवी क्षेपणास्त्रे आतून भरावी लागतात. त्या वेळात गाडी निःशस्त्र असते आणि जड मशिनगनही तिला संपवू शकते.

तिला गेमच्या कोणत्या गटात ठेवायचे, म्हणजे कोणत्या काळातल्या रणगाड्यांशी लढवायचे, यावर माझे म्हणणे स्पष्ट आहे. ९एम११३, म्हणजे मूळ कोंकुर्स क्षेपणास्त्र, सुमारे ६०० मिमी पोलाद भेदते, म्हणजे लेपर्ड १, एम६०ए१, एएमएक्स-३० या पाश्चात्त्य रणगाड्यांविरुद्ध ते पुरून उरते. पण स्फोटक चिलखत (मारा बसताच फुटून त्याचा जोर कमी करणाऱ्या पेट्या) बसवलेल्या रणगाड्यांपुढे एकेरी स्फोटकाग्राचा प्रभाव बराच घटतो, त्यासाठी पुढे दुहेरी स्फोटकाग्राचे कोंकुर्स-एम आले. तेव्हा मूळ आवृत्ती १९६० आणि ७० च्या दशकांतल्या रणगाड्यांसोबतच खेळवावी, आणि कोंकुर्स-एम हवे असेल तर त्यासाठी वरच्या गटात वेगळे वाहन द्यावे. एकाच गाडीला दोन्ही क्षेपणास्त्रे दिली तर तिची जागा कुठेच नीट बसणार नाही. समोरच्या बाजूला फ्रान्सचे व्हीएबी मेफिस्टो देता येईल: तेही चारचाकी, छपरावर चार हॉट क्षेपणास्त्रे, तारेनेच मार्गदर्शन आणि पल्लाही ४००० मीटरचा.

अशी वाहने आली की लोक कोपऱ्यात दडून बसतात आणि खेळ रेंगाळतो, हा आक्षेप मी नेहमी वाचतो. दोष मला वाहनापेक्षा मॅपमध्ये जास्त दिसतो. जिथे ठिकाणे काबीज करायची आहेत तिथे एकाच टेकडीवरून सारे मैदान दिसत असेल, तर साधा रणगाडाही तिथेच ठाण मांडून बसणार. दोन किलोमीटरपर्यंत दृष्टी जाईल असे काही पट्टे आणि त्यांना जोडून खोलगट, झाडीच्या वाटा असल्या, तर हल्ला करणाऱ्यालाही जवळ येता येते. ७५ मीटरच्या आत कोंकुर्स मारता येत नाही, म्हणून बगलेने शिरलेली एक हलकी गाडी या वाहनाचा बंदोबस्त करू शकते.

लाँचरला गोळी लागली तर फक्त नळ्या निकामी व्हाव्यात की अख्खी गाडी उडावी, याचा निर्णय डेव्हलपरांनी घाईने घेऊ नये. लाँचर हा स्वतंत्र, दुरुस्त होणारा भाग म्हणून बनवायला एक अपडेट जास्त लागला तरी मी थांबायला तयार आहे.