फणसाच्या टेबलाला दोन तारे: दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

वेंगुर्ल्याच्या घरासाठी नेलेलं फणसाचं जेवणाचं टेबल वर्षभरात पिवळ्याचं तपकिरी झालं, पितळी पट्टी काळवंडली, गरम पातेल्याचा पांढरा डाग पडला आणि पावसात फळ्या टोकाला आडव्या बसवलेल्या कडपट्टीच्या बाहेर आल्या, अशी तुमची तक्रार आहे. ‘याच्यापेक्षा सनमायका बरा,’ असंही लिहिलंय. सनमायका टिकतो हे खरंच. आमच्या बिलाच्या टेबलावर तोच आहे.

रंगाचं म्हणाल तर फणस ताजा कापला की हळदीसारखा दिसतो आणि उजेड-वारा लागून गडद होतो. जुन्या घरांतले फणसाचे खांब तपकिरी दिसतात ते त्यामुळेच. मधे कायम रनर (लांबट कापडी पट्टा) असेल तर तो अधूनमधून काढा, नाहीतर तिथे फिकट पट्टा राहील.

फळ्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात फळी पसरते, उन्हाळ्यात आखडते. कडपट्टीतली फळी मात्र आडवी, म्हणून तिची लांबी आहे तेवढीच राहते. दोन्ही घट्ट जखडल्या तर फळी तडकणार. म्हणून त्या जोडाची आतली भोकं आम्ही मुद्दाम लांबट ठेवतो. बोटाला लागतो तो एक-दोन मिलिमीटरचा फरक त्या मोकळीकीचा आहे. सांधा सुटलेला नाही.

पितळ खाऱ्या वाऱ्याने काळवंडतं. त्यावर लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारलेलं नाही, कारण ते पुढे तुकड्या-तुकड्यांनी सुटतं. देवाची भांडी घासता तसं आमसुलाने पुसा, फक्त पाणी लाकडावर राहू देऊ नका.

पांढरा डाग लाखेच्या पॉलिशचा आहे. रोजच्या जेवणाला पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) घ्या, असं मी तेव्हाही म्हटलं होतं. तुम्हाला लाखेची झळाळी आवडली, आणि ती आहेच सुंदर. पण तिला उष्णता सोसत नाही. बरी गोष्ट एवढीच की लाख तेवढ्याच जागी दुरुस्त होते, पीयूसारखं सगळं घासून काढावं लागत नाही. आमचा पॉलिशवाला घरी येऊन डाग काढून देईल, त्याचे पैसे नकोत. पण पाऊस सरल्यावर, कारण दमट हवेत लाख पुन्हा पांढुरकी होते.

शेजारचा सुतार बाहेर आलेल्या कडा रंधून द्यायला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. कृपया थांबवा त्याला. आता रंधा मारलात तर मे महिन्यात फळ्या कडपट्टीच्या आत गेलेल्या दिसतील, आणि ते मलाही भरून देता येणार नाही.