ओला टॉवेल, बाथरूम आणि आगीबद्दलचा तो मेसेज

कुठे मोठी आग लागल्याची बातमी आली की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सल्ले तेच. ओला टॉवेल तोंडाला बांधा, धूर बाधत नाही. बाथरूममध्ये जा आणि शॉवर सोडून बसा. धूर निघून जावा म्हणून दारं-खिडक्या सताड उघडा. आग दिसली की आधी पाणी मारा. घाबरू नका, दहा-पंधरा मिनिटं हातात असतात, तोवर अग्निशमन दल पोहोचतं. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, याबद्दल शंका नाही. पण या भरवशावर कुणी घरात थांबलं तर त्याचा जीव जाऊ शकतो.

आधी टॉवेल. ओल्या कापडात काजळीचे कण काही प्रमाणात अडकतात, घशाची जळजळ थोडी कमी होते, एवढं खरं. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू आहे, तो कापडातून आरपार जातो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. सोफ्यातला, गादीतला फोम जळला की त्यात हायड्रोजन सायनाइडची भर पडते. इमारतींच्या आगीत माणसं भाजण्याआधी बहुतेकदा गुदमरून दगावतात, ती यामुळेच. टॉवेल बांधलाय म्हणून धुराने भरलेल्या जिन्यात शिरणं हा सगळ्यात घातक गैरसमज. वाट धुरातूनच काढावी लागली तर जमिनीलगत, गुडघ्यांवर रांगत जायचं, कारण बरी हवा शेवटपर्यंत खालीच उरते.

बाथरूमचा सल्ला ऐकायला पटतो. पाणी आहे, फरशी आहे, जळण्यासारखं फारसं काही नाही. प्रश्न हवेचा आहे. बहुतेक बाथरूमला मोठी खिडकी नसते. असला तर एक छोटा झरोका, तोही आतल्या डक्टमध्ये उघडणारा, आणि डक्ट म्हणजे धुरासाठी उभं धुराडंच. शॉवरच्या पाण्याने कार्बन मोनॉक्साइड धुऊन जात नाही. मुंबईत कमला मिल्सच्या आवारात २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात आसरा घ्यायला शिरले होते आणि तिथेच गुदमरले. ही घटना इतक्या जवळची असूनही तो मेसेज तसाच पुढे जात राहतो, याचा मला खरंच त्रास होतो.

बाहेर पडता येत नसेल तर रस्त्याच्या बाजूला खिडकी असलेली खोली गाठा. दार लावून घ्या. ओला टॉवेल इथे कामाचा आहे: दाराखालच्या फटीत घट्ट कोंबा. फोन करून मजला आणि खोली नेमकी सांगा, खिडकीतून टॉर्च किंवा कापड हलवत राहा. वाचवायला येणाऱ्यांना तुम्ही दिसायला हवं, आणि बाथरूममध्ये ते होत नाही.

दारं-खिडक्या सताड उघडण्याचा सल्ला तर आगीला निमंत्रणच. आत कोंडलेल्या आगीला हवेची भूक असते. दार उघडलं की ती भडकते आणि धूर जिन्यात पसरतो. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने घरांमध्ये घेतलेल्या चाचण्यांत दिसलं की बाहेर तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेलं असताना लावलेल्या साध्या दारामागची खोली चाळीस अंशांच्या आसपास राहू शकते. त्याउलट उदाहरण लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं. १४ जून २०१७च्या त्या आगीत ७२ माणसं गेली. आग पसरली मुख्यतः बाहेरच्या आवरणातून. पण काही घरांची दारं आपोआप बंद करणारी यंत्रणा नव्हती किंवा बिघडली होती, त्यामुळे पळालेल्या लोकांमागे दारं उघडी राहिली आणि धूर मार्गिकेत आला, असं चौकशीत नोंदवलं गेलं. म्हणून बाहेर पडताना दार मागे ओढून घ्या, कुलूप लावू नका. समोरचं बंद दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू त्याला लावून बघा. गरम लागलं तर ती वाट सोडा.

पाण्याचं थोडक्यात. पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं की त्याची क्षणात वाफ होते, आकारमान सुमारे १७०० पट वाढतं आणि जळतं तेल चहूकडे उडतं. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि लगेच उचलू नका. विजेच्या आगीत शक्य असेल तर आधी मेन स्विच बंद करा.

आता त्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल. यूएलच्याच एका चाचणीत जुन्या पद्धतीचं लाकडी-सुती सामान असलेली खोली पूर्ण पेटायला जवळपास अर्धा तास लागला, तर फोम आणि कृत्रिम कापडाचं सामान असलेली खोली चार मिनिटांच्या आत पेटली. आज घराघरांत दुसऱ्या प्रकारचं सामान आहे. शिवाय झोपेत वासाने जाग येईल यावर विसंबता येत नाही; त्यासाठी धूरसूचक यंत्रच लागतं, आणि त्याचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं लागतं.

‘दल येईल’ हे खरंच आहे. पण पहिली काही मिनिटं शेजाऱ्यांचीच असतात, आणि त्या मेसेजमध्ये शेजाऱ्यांचा उल्लेखच नाही. बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबमध्ये १९४२ साली लागलेल्या आगीत ४९२ लोक दगावले. आत येतानाचं फिरतं दार गर्दीने अडकलं आणि बाहेर जाण्याची इतर काही दारं बंद होती. धावपळीत माणूस ओळखीच्या वाटेकडेच जातो, म्हणून दुसरी वाट आधी पायाखालची करून ठेवावी लागते. वर्षातून एक-दोनदा सगळ्यांनी मिळून सराव करावा, एकदा तरी रात्री. कोणत्या मजल्यावर जिना न उतरू शकणारं कोण आहे आणि त्यांच्याकडे कोण जाणार, ही यादी कागदावर असावी. खाली जमायची जागा ठरलेली असावी, म्हणजे कोण आत राहिलं ते मोजता येतं. जिन्यातली चपलांची कपाटं आणि सायकली आजच हलवा, बंबाच्या वाटेत लावलेल्या गाड्याही. आणि आपत्कालीन दाराची कडी एकदा स्वतः उघडून बघा. गंजली असेल तर ती या आठवड्यातच दुरुस्त करून घ्या.