विश्वनागरिक घडवा, सोमवारपर्यंत

तुमचं मूल अजून नुसतंच कोथरूडचं आहे का? हरकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या पालकग्रुपवर मेसेज येईल आणि सोमवारी सकाळी आठपर्यंत ते अख्ख्या जगाचं झालेलं असेल. 'ग्लोबल सिटिझनशिप वीक'. प्रत्येक मुलाला एक देश. मॉडेल, चार्ट, वेशभूषा आणि चार वाक्यं इंग्रजीत, तोंडपाठ. खाली ठळक अक्षरांत सूचना: 'विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कल्पनाशक्तीने करावे. नमुना सोबत जोडला आहे.'

आम्ही नुकतेच यातून पार पडलो. तुमची पाळी येईलच, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

देश कोणता मिळतो याला महत्त्व आहे. जपान, फ्रान्स, स्वित्झर्लंड आधीच गेलेले असतात. कुणाकडे गेले ते विचारू नका, पीटीएच्या कमिटीची यादी बघा. उरलेल्यांच्या वाट्याला आफ्रिका.

मग शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात जा आणि फक्त देशाचं नाव सांगा. 'केनिया ना? सिंह, झेंडा, नकाशा, भाला. साडेतीनशे. थर्माकोल हवा असेल तर आतून देतो.' सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, म्हणून तो आतून मिळतो. शेजारच्या वर्गाला 'क्लायमेट ॲक्शन' हा विषय होता. त्यांनीही इथूनच नेला.

मुलाच्या हातात कात्री देऊ नका. कडा वाकड्या येतात.

मुलाला प्रश्न पडू देऊ नका, ही सगळ्यात मोलाची सूचना. आमची कन्या चौथीत आहे. केनिया मिळाल्यावर तिने विचारलं, तिथली मुलं शाळेत कशानं जातात? झालं. शनिवार त्यात गेला. नैरोबीत मटाटू नावाच्या खाजगी मिनीबस धावतात. त्या आतून-बाहेरून रंगवलेल्या असतात, त्यांच्यावर फुटबॉलपटू, गायक, वाट्टेल ते काढलेलं असतं, आत गाणी दणदणत असतात. बाईसाहेबांनी बुटांचं खोकं घेतलं, बाटल्यांच्या झाकणांची चाकं केली, दारात लटकणारा कंडक्टर बनवला. एका बाजूला फुटबॉलपटू रंगवला आणि दुसऱ्या बाजूला, का कोण जाणे, आमच्या आईला. नऊवारीतली आजी, नैरोबीच्या बसवर. मी तरी जगाची याहून चांगली ओळख कुठे पाहिलेली नाही. चार्टच्या कोपऱ्यात तिने स्वतःहून लिहिलं, 'इथे भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते.' खरंच आहे ते. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवायचं एम-पेसा २००७ मध्ये सुरू झालं, आपलं यूपीआय २०१६ मध्ये.

सोमवारी खोकं परत आलं. लाल पेनाने शेरा: 'सिंह कुठे आहे?'

पहिला नंबर 'ब' तुकडीतल्या केनियाला. त्यांनी किलिमांजारो आणला होता. चार फूट उंच, माथ्यावर कापसाचं बर्फ, भोवती मोटरवर फिरणारे ढग. एका पालकांचं इंटिरियरचं काम आहे, त्यांच्या सुताराने केला. सुतार उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही. फक्त किलिमांजारो टांझानियात आहे. ५,८९५ मीटरचा डोंगर, अख्खा सीमेपलीकडे. केनियातून झकास दिसतो, पण आपल्या गच्चीतून सिंहगड दिसतो म्हणून तो सोसायटीच्या मालकीचा होत नाही. केनियाला त्यांचा स्वतःचा माउंट केनिया आहे, ५,१९९ मीटर. हे मी वर्गाच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'सर, इट्स ओके, कन्सेप्ट क्लिअर आहे ना.' बाईंवर राग नाही. चाळीसच्या वर मुलं, त्यात दर तासाला इन्स्टाग्रामसाठी फोटो काढायचे, नकाशा कधी उघडणार?

आणि सिंहच हवा होता, तर तो तरी धड घ्यायचा! केनियातल्या मोंबासापासून रेल्वे टाकायला १८९६ पासून आपल्याकडून मजूर नेले, तीस हजारांहून जास्त. १८९८ साली त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी त्यातल्या कितीतरी जणांना तंबूतून ओढून नेलं. भारतातून गेलेले मजूर होते ते. हा सिंह सांगा की पोरांना. किंवा केनियाच्याच वांगारी माथाई सांगा. या बाईने १९७७ पासून खेड्यातल्या बायकांना घेऊन झाडं लावली आणि २००४ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. पण तिचं मॉडेल दुकानात मिळत नाही.

त्याऐवजी सूचना काय आली? 'आफ्रिकन कंट्रीजच्या मुलांच्या चेहऱ्याला काळा रंग लावून पाठवावे.' आणि लावला लोकांनी! तोंडाला काजळ फासलेली, कमरेला क्रेपचे कागद गुंडाळलेली आठ-नऊ वर्षांची मुलं स्टेजवर हूहू करत नाचली. मुख्याध्यापिकांनी सेल्फी घेतला, तो शाळेच्या पेजवर आहे, खाली 'सेलिब्रेटिंग डायव्हर्सिटी'. पुण्यात आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी काही कमी नाहीत. त्यांच्यातल्या एकाने हे पेज उघडलं तर काय वाटेल त्याला, हा विचार तिथल्या एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात येऊ नये?

असो. उपदेश राहिलाच.

भिंतीवर 'वसुधैव कुटुंबकम्' असू द्या. २०२३ साली जी-२०साठी रंगवलेलं असेल तर पोपडे निघालेत, तेवढा हात मारून घ्या.

ब्रोशरमध्ये 'उद्दिष्ट ४.७' छापा. संयुक्त राष्ट्रांनी शिक्षणासाठी २०१५ मध्ये ठरवलं, मुदत २०३०. त्यात जागतिक नागरिकत्वही आहे आणि शांततेची संस्कृतीही. रिकाम्या जागा भरायला चांगलं पडतं.

मराठीची काळजी नको. शाळांत मराठी सक्तीची करणारा २०२० चा कायदा आहे, वेळापत्रकात तास असतोच. त्या तासाला नाचाची प्रॅक्टिस घ्या.

परितेवाडी कुठे आहे हे मुलांना कळू देऊ नका. सोलापूर जिल्ह्यात आहे, तिथे जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा एकमेकांकडे पाठ फिरवलेल्या देशांतल्या मुलांना इंटरनेटवरून एकमेकांशी बोलतं केलं. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तर दहा लाख डॉलरमधले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकले. असलं काही ऐकलं की मुलं आपल्या शाळेची फी किती असं विचारायला लागतात.

घरीही सराव ठेवा. आमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत 'परदेशी विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने देऊ नये' असा ठराव झाला. परदेशी म्हणजे कुठले, हे कुणाला विचारावं लागलं नाही. अनुमोदन देणाऱ्या गृहस्थांचा मुलगा त्या आठवड्यात घाना होता.

आता नीट ऐका. वेशभूषेचे नऊशे रुपये मागितले होते शाळेने. वर्गातल्या दोन मुलांचे आले नाहीत. दोघंही मागच्या वस्तीतली, शिक्षणहक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, पंचवीस टक्के राखीव जागांतून आलेली. त्यांना देश मिळाला नाही. त्यांना 'ऑडियन्स' केलं. पहिल्या रांगेत गणवेशात बसवलं आणि टाळ्या वाजवायला सांगितलं. वर्गातल्या सगळ्या मुलांत वाटायला १९३ देश होते, आणि दोघांना एकेक देता आला नाही?

आणि आपण पालक? फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने आरटीईचे नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगी शाळेला ही मुलं घ्यायची सक्ती नाही असं ठरलं, तेव्हा याच ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले होते. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा ग्रुप एकदम शांत. शेजारच्या वस्तीतलं पोर बाकावर चालत नाही आणि म्हणे विश्वनागरिक! लाज वाटत नाही?

प्रोजेक्ट द्यायचाच असेल तर मुलांना द्या, आम्हाला नको. शुक्रवारी रात्री नको, पंधरा दिवस आधी द्या, आणि वर्गात करून घ्या, शाळेच्या कागदावर, शाळेच्या गोंदाने. नमुना जोडू नका. पोर जे आणेल ते घ्या, वाकडं असलं तरी घ्या. तोंडं रंगवणं ताबडतोब बंद करा आणि तो फोटो पेजवरून काढा. वेशभूषेचे पैसे मागणं बंद करा. त्या दोघांकडून तर तुम्हाला एक पैसाही मागता येत नाही, कायदा वाचा. पुढच्या वर्षी देश वाटायला त्यांच्यापासून सुरुवात करा. जपान त्यांना द्या.