सिक्वेन्सिंग झालं म्हणजे टेलोमियर मोजून झालं, असं नाही

‘एकदा पूर्ण जीनोम सिक्वेन्स करा, टेलोमियरची नेमकी लांबी कळते, त्यावरून शरीराचं खरं वयही कळतं, सदर्न ब्लॉट, क्यूपीसीआर आता बाद’ असा मजकूर हातोहात पसरतोय. टेलोमियर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाचा, वयानुसार झिजत जाणारा डीएनएचा पट्टा; सिक्वेन्सिंग म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं; सदर्न ब्लॉट आणि क्यूपीसीआर या टेलोमियर मोजायच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या पद्धती. यातलं जवळपास काहीच जसंच्या तसं खरं नाही.

आधी ‘नेमकी लांबी’. नेहमीच्या सिक्वेन्सिंगमधलं एक रीड, म्हणजे सलग वाचलेला तुकडा, साधारण 150 बेसचं (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर). माणसाचं टेलोमियर हजारो बेसचं, आणि त्यात टीटीएजीजीजी ही सहाच अक्षरं पुन्हा पुन्हा. टेलोमियरच्या आतलं रीड उघडून पाहिलं तर तीच सहा अक्षरं 25 वेळा, बस्स. ते 46 गुणसूत्रांच्या 92 टोकांपैकी कुठलं, टोकापासून किती आतलं, काही कळायला मार्ग नाही. त्यामुळे टेलसेकसारखी सॉफ्टवेअर अशी रीड्स मोजतात आणि त्यावरून सरासरीचा अंदाज बांधतात. किती वेळा सहा अक्षरं आली की रीड टेलोमियरचं धरायचं, ही रेष आपणच आखलेली. ती सरकवली की उत्तरही सरकतं. शिवाय गुणसूत्र क्रमांक 2 च्या आतही असाच पट्टा आहे, दोन जुनी गुणसूत्रं जोडली गेल्याची खूण; त्याची रीड्सही मोजणीत घुसू शकतात.

मग जुन्या पद्धती बाद कशा? टेलसेकचीच पारख सदर्न ब्लॉटच्या आकड्यांशी ताडून झाली होती! ब्लॉटमध्ये कापलेला डीएनए जेलवर लांबीनुसार पसरतो आणि त्याचा धूसर पट्टा डोळ्यांना दिसतो. डीएनए भरपूर लागतो, टेलोमियरलगतचा भागही मोजला जातो, म्हणून आकडा फुगतो, हे मान्य. 2002 मध्ये आलेली क्यूपीसीआर पद्धत स्वस्त आणि झटपट, पण ती देते फक्त गुणोत्तर, बेसमधली लांबी नाही. टेलोमियरच्या आनुवंशिक विकारांच्या निदानात मात्र आजही फ्लो-फिशवर (पेशीतल्या टेलोमियरला चमकणारा रंग लावून ती चमक मोजणारी पद्धत) भिस्त असते.

दाव्यातला खरा अंश लांब रीड्समध्ये आहे. नॅनोपोर या लांब तुकडे वाचणाऱ्या तंत्राचं एकच रीड अख्खं टेलोमियर ओलांडून शेजारच्या भागात पोचतं, त्यामुळे टोकागणिक लांबी मिळते. तिथेही अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर नेमकं या पुनरावृत्तीत अडखळतं, हे 2022 मध्ये दाखवलं गेलंय. त्यासाठी ते वेगळं शिकवावं लागतं.

आणि ‘खरं वय’? रक्तपेशींत टेलोमियर वर्षाला काही डझन बेसने झिजतं, तर एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांतला फरक हजारो बेसचा असू शकतो. चाळिशीतल्या माणसाचं टेलोमियर साठीतल्यापेक्षा आखूड निघालं, तरी दोघंही ठणठणीत असू शकतात.