मामा, उसाच्या फडाचं उदाहरण देऊ नका

परवा मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, ‘बाळंतपणाची पगारी रजा म्हणजे मालकाच्या मानेवर सुरी’. खाली दहा-बारा हात जोडलेले. मी सोडून देणार होतो, पण रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. लातुरात एका क्लासेसमध्ये फीच्या काउंटरला बसते, सातवा लागलाय. म्हणाली, “दादा, राजीनामाच देते. उगं सरांना कशाला भुर्दंड?” आता लिहिणं आलं.

मेसेज म्हणतो, ‘आपल्या बायका उसाच्या फडात बाळंत झाल्या अन् तिसऱ्या दिवशी कोयता धरला. त्यांना कुठं रजा लागली?’

मामा, तुमचा जन्म बीड जिल्ह्यात गेला. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे मुकादमाची आगाऊ रक्कम दोघांच्या जिवावर घेतलेली. दिवसभर वाकून तोडायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. एक दिवस बाई कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पडून राहिली की खाडा, अन् खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीतसुद्धा खाडा पडू नये म्हणून बायका गर्भाची पिशवी काढून घेतात. 2019 मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तिशी-पस्तिशीतल्या बायका! अन् तुम्ही म्हणता, रजा लागली नाही.

दुसरं, ‘26 आठवडे पगार दिला तर मालक बुडेल, पोरींना कामावर घेणार कोण?’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, नसेल तिथं सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो, मग तो मुलाखतीतच “लग्न झालंय का?” विचारतो. पण ईएसआय लागू असलेल्या बाईला हे पैसे विम्याचं महामंडळ देतं. मालकाचा हप्ता पगाराच्या 3.25 टक्के, कुणी बाळंत होवो न होवो. मग सरकारनं सगळ्यांसाठीच असा वाटा उचलावा, अशी मागणी करा की! रजाच नको, हे कुठलं?

‘कायम नोकरी असेल तरच मिळते’ हे धादांत खोटं. दहा माणसं कामाला असलेलं दुकान-ऑफिस अन् बाळंतपणाआधीच्या वर्षात 80 दिवस काम, एवढं पुरतं. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदारी बायकांनाही हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 मध्येच सांगितलंय. बहिणीच्या क्लासमध्ये शिपाई धरून सतरा जण आहेत.

राहिलं ‘बापाला रजा हे परदेशी फॅड’. 2017 मध्ये त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक आणणारे राजीव सातव आपल्या हिंगोलीचे खासदार होते. ते मंजूर झालं नाही, पण केंद्राच्या नोकरदार बापांना 15 दिवस मिळतातच. तुमच्या रेल्वेतल्या जावयानं घेतलेच की, मामा. बारशाचे पेढे तुम्हीच वाटले.

बहिणीला राजीनाम्याऐवजी रजेचा अर्ज लिहून पाठवलाय. प्रसूतीची अंदाजे तारीख अन् रजा कधीपासून, एवढंच त्यात. दोन प्रती काढ, एकीवर शिक्का मारून घे, असं बजावलंय.