तडजोड म्हणजे शरणागती? निफाडच्या वकीलसाहेबांना उत्तर

वकीलसाहेब,

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाच्या दाव्यावर कायद्याच्या वर्गात घेतलेल्या वाटाघाटींच्या सरावाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: मुलांना भाऊ-बहीण बनवून समोरासमोर बसवणं हा पोरखेळ आहे, प्रत्यक्षात तडजोड दुबळ्याच्याच गळ्यात पडते, बहिणीकडून हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) लिहून घेतात आणि त्याला समेट म्हणतात. वकिलाने लढावं, मांडवली करू नये.

हक्कसोडीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद, म्हणजे मुलासारखीच जन्मतः वाटेकरी झाली. ती दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात होते की नव्हते, हा घोळ विनीता शर्मा खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. तरीही ‘माहेर तोडतेस का?’ एवढ्या एका प्रश्नावर सही होते. तुमच्या बाजूचा एक भारदस्त साक्षीदारही देतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक ओवेन फिस यांनी 1984 मध्ये तडजोडीविरुद्ध लेख लिहिला, तो आजही वाटाघाटी शिकवणाऱ्यांना टोचतो. पैसा आणि दम कमी असलेला पक्षकार नाइलाजाने कमी रकमेवर मिटवतो, त्याला खरी संमती म्हणायचं का, हा त्यांचा एक मुख्य सवाल.

पण याच्या पाच वर्षं आधी, 1979 मध्ये, म्नूकिन आणि कॉर्नहाउझर या अमेरिकी अभ्यासकांनी घटस्फोटांच्या संदर्भात मांडलेला मुद्दा मला आपल्या कोर्टात रोज दिसतो. बोलणी फिसकटली तर कोर्टातून कोणाला काय मिळेल, यावर टेबलावरची ताकद ठरते. म्हणून माझ्या वर्गात पहिलं काम गोड बोलण्याचं नसतं. आपला पक्षकार उठून गेला तर त्याच्या हातात काय उरतं, ते आधी कागदावर लिहायचं.

तुमच्याच उदाहरणातल्या बहिणीचं बघू. दावा लावला, कोणाचा किती हिस्सा हे ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा झाला. पुढे शेतजमीन असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसील, मग भूमी अभिलेखची मोजणी, हरकती, पुन्हा तारखा. तोवर बाग मोठ्या भावाच्या ताब्यात आणि द्राक्षांचे पैसे त्याच्या खात्यात. कायदा बहिणीच्या बाजूने असला तरी वेळ भावाच्या बाजूने आहे. त्याने का बोलावं?

आता तुमच्यासारखा वकील तिच्यासाठी काय करेल? त्याच संहितेच्या आदेश 39 खाली जमिनीच्या विक्रीला तात्पुरती मनाई मागेल. दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवेल. संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 ला आपल्याकडची जी दुरुस्ती आहे, तिच्यामुळे ही नोंदणी लागते आणि कितीतरी जण ती विसरतात. उत्पन्नाचा हिशेब मागेल. एवढं झालं की जमिनीच्या एखाद्या तुकड्यालाही गिऱ्हाईक मिळेनासं होतं आणि भावाला वेळ महाग पडू लागते. तेव्हाच्या बोलण्याला मी वाटाघाट म्हणतो. त्याआधी बहिणीला बैठकीला बसवणं म्हणजे तुम्ही म्हणता तीच मांडवली. लढणं आणि बोलणं ही दोन वेगवेगळ्या वकिलांची कामं आहेत, हे मात्र मला पटत नाही.

त्या ‘पोरखेळा’त काय झालं तेही सांगतो. प्रत्येक बाजूला गुप्त सूचनांची चिठ्ठी असते, दुसऱ्याने ती पाहायची नाही. दोन्ही भावांचे ‘वकील’ बराच वेळ विहीर आणि डांबरी रस्त्याकडच्या भागावरून भांडत बसले. बहिणीला काय हवंय, हे एकानेही विचारलं नाही. तिच्या चिठ्ठीत होतं: जमीन कसायची नाही, सातबाऱ्यावर नाव लागलं पाहिजे आणि मुलीच्या शिक्षणासाठी दोन वर्षांत रक्कम हवी. तिची बाजू मांडणाऱ्या मुलीने शांतपणे नोटीस नोंदवल्याचं सांगितलं, तेव्हा दोघांच्या खुर्च्या तिच्याकडे वळल्या. (त्यातला एक खरोखरच दिंडोरीकडचा बागायतदाराचा मुलगा. तास संपल्यावर तो माझ्याकडून ते कलम लिहून घेऊन गेला. कोणत्या बाजूसाठी, ते मी विचारलं नाही.)

सगळंच मिटवावं असं कायदाही म्हणत नाही. अफकॉन्स प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 साठी, म्हणजे कोर्टाने तडजोडीकडे पाठवण्यासाठी, साधारणपणे अयोग्य प्रकरणांची यादीच दिली: बनावट दस्त, फसवणूक, निवडणुकीचे वाद, अनेकांच्या वतीने लावलेले प्रातिनिधिक दावे. हक्कसोड दमदाटीने किंवा कोऱ्या कागदावर घेतली असेल, तर मीही मध्यस्थीचं नाव काढणार नाही.

लोकअदालतीबद्दलचा तुमचा टोमणाही रास्त. ई-चलनं आणि बँकांची थकबाकी धरून मोठे आकडे दाखवण्यात वाटाघाट कुठे आहे? शिवाय तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा अमलात येतो आणि त्यावर अपील नाही. त्यामुळे घाईने केलेली सही निस्तरायला उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेशिवाय वाट उरत नाही. व्यापारी दाव्यांत दाव्यापूर्वीची मध्यस्थी सक्तीची आहे, पण समोरचा फिरकलाच नाही तर तसा अहवाल जोडून दावा लावायचा, एवढाच सोपस्कार उरतो.

उलट राज्य सरकारची 2023 ची सलोखा योजना घ्या. तुमची जमीन माझ्या ताब्यात, माझी तुमच्या, किमान बारा वर्षं. अदलाबदलीच्या दस्ताला त्या योजनेत मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये ठेवली. अशा शेजाऱ्यांना दाव्यात ढकलून वकिलाच्या फीशिवाय कोणाचं भलं होणार?

पुढच्या सत्रात हाच सराव पुन्हा घेतोय. मोठ्या भावाचे वकील म्हणून तुम्ही या. चिठ्ठी आधी मिळणार नाही, आणि बहिणीची बाजू या वेळी मी घेणार आहे.